हरिशंकरपुरममधलं डेन्मार्क

सोमवारी संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना भालचंद्र दप्तरदारांनी कूलर बंद केला आणि जेवणाच्या टेबलावर दोन मेणबत्त्या लावल्या. जून महिना होता. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम कॉलनीतल्या त्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट वरणाच्या भांड्यात पडत होतं आणि मेणबत्त्या पेटल्यात की नाही हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.

"बाबा, लाइट आहे ना पण," प्रांजली म्हणाली. ती यंदा बारावीला होती आणि वकील व्हायचं ठरवून बसली होती.

"डेन्मार्कमध्ये सहाला जेवतात आणि जेवताना मेणबत्ती लावतात. पान नऊ."

"आणि कूलर का बंद केला?"

"कूलरनं मेणबत्ती विझते."

"मग डेन्मार्कवाले काय करतात?"

"त्यांच्याकडे कूलर नसतो," भालचंद्रराव म्हणाले आणि घाम पुसून खुर्चीवर बसले.

हे सगळं राघवसाठी चाललं होतं. राघव म्हणजे प्रांजलीचा मोठा भाऊ. दुग्धतंत्रज्ञान शिकत होता आणि त्याच शिक्षणासाठी त्याला डेन्मार्कमध्ये दहा महिने जायला मिळायची शक्यता होती. शक्यता अशासाठी, की फी, व्हिसा, मार्क वगैरे सगळं जमलं होतं, पण राहायचं होतं एका डॅनिश कुटुंबात आणि त्या कुटुंबानं अजून हो म्हटलं नव्हतं. व्हिबोर नावाच्या गावातले मोगेन्स आणि किर्स्टन हे नवराबायको येत्या रविवारी दुपारी साडेचारला व्हिडिओ कॉलवर राघवशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलणार होते. त्यांनी हो म्हटलं तर राघव ऑगस्टमध्ये विमानात बसणार होता. नाही म्हटलं तर ती जागा लखनौच्या एका मुलाला जाणार होती. तो यादीत राघवच्या खाली टपूनच बसला होता.

त्यात समोरच्या जयसिंहरावांच्या नातवाचं उदाहरण ताजं होतं. समरजीत गेल्या वर्षी बेल्जियमला अशाच एका कुटुंबात राहायला गेला आणि अकराव्या दिवशी परत आला. जयसिंहरावांनी कॉलनीत सांगितलं, हवा मानवली नाही. खरी गोष्ट अशी होती की समरजीत रोज जेवून उठायचा आणि ताट टेबलावर तसंच ठेवून खोलीत जायचा. त्या लोकांनी दहा दिवस वाट पाहिली, अकराव्या दिवशी संस्थेला पत्र लिहिलं. पत्राचा मजकूर कॉलनीभर कसा पोचला ते कोणी सांगत नव्हतं, पण पाठ सगळ्यांना होता.

भालचंद्ररावांना हे आपल्या घरात होऊ द्यायचं नव्हतं. दप्तरदारांचे पूर्वज दरबारात नोकरीला होते. कोणी कुठे बसायचं, विडा आधी कोणाला द्यायचा, कोणासमोर किती वाकायचं, हे ठरवणं त्यांचं काम. पुढे दरबार गेला, पण रीतभातीची आवड रक्तात राहिली. स्वतः भालचंद्ररावांनी सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढली होती. त्यांच्या हातात नियमांची पुस्तिका पडली की तिची अंमलबजावणी झाल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. संस्थेनं विद्यार्थ्यांसाठी 'डॅनिश कुटुंबात राहताना' अशी अडतीस पानी पुस्तिका पाठवली होती. राघवनं ती चाळून ठेवून दिली. भालचंद्ररावांनी दोनदा वाचली, खुणा केल्या, आणि आदल्या दिवशी, रविवारी रात्री, फ्रिजवर एक कागद चिकटवला.

"आदेश," असं वर लिहिलं होतं. "चि. राघव यास डॅनिश कुटुंबात राहण्याचा सराव व्हावा म्हणून उद्यापासून येत्या रविवारपर्यंत हे घर डॅनिश समजण्यात यावे. सर्व संबंधितांनी पुस्तिकेचे काटेकोर पालन करावे. प्रतिलिपि : सौ. अनसूया, कु. प्रांजली."

सौ. अनसूयांनी तो कागद पोळ्या लाटता लाटता वाचला होता आणि "बरं" म्हटलं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या बहुतेक आदेशांना बरं म्हटलं होतं. त्यातले बरेचसे आपोआप मागे पडत.

हा पडला नाही.

पहिलाच नियम होता की जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि कोणीही उभं राहायचं नाही. अनसूयाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. चार वेळा उठल्या, चारही वेळा प्रांजलीनं त्यांना पदर धरून खाली बसवलं. त्यामुळे तव्यावरची पोळी पानात येणं बंद झालं. पोळ्या आधीच करून डब्यात ठेवल्या होत्या. भालचंद्ररावांनी आयुष्यात पहिल्यांदा डब्यातली पोळी खाल्ली आणि ती किती शांतपणे थंड असते हे अनुभवलं.

दुसरा नियम नावाचा होता. डॅनिश घरात मुलं आईवडिलांना, बायको नवऱ्याला, सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात. पान अकरा. पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं की विद्यार्थ्यानं यजमानांना सर किंवा अंकल म्हणू नये, त्यांना ते परकं वाटतं.

"भालचंद्र," राघव म्हणाला, "मीठ दे."

भालचंद्ररावांचा हात पुढे झाला. तो मिठाकडे निघाला होता की राघवच्या कानाकडे, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. शेवटी तो मिठाकडे गेला.

"अरे, जरा तरी," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हीच बोलले ना काटेकोर म्हणून," राघव म्हणाला. "मला तर खुद ऑकवर्ड होतंय."

"होऊ दे. तिथे होण्यापेक्षा इथे झालेलं बरं."

जेवण झालं. भालचंद्रराव सवयीनं उठून हात धुवायला निघाले, तोच मागून एक अनोळखी हाक आली.

"भालचंद्र. तुझं ताट राहिलं."

ते वळले. क्षणभर त्यांना आपली आईच बोलावतेय असं वाटलं. आई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. हाक अनसूयाबाईंनी मारली होती आणि मारून झाल्यावर त्यांचा त्यांनाच घाम फुटला होता. सव्वीस वर्षांत ते नाव त्यांनी फक्त उखाण्यात घेतलं होतं. पण नियम म्हणजे नियम. भालचंद्ररावांनी ताट उचललं, मोरीपर्यंत नेलं आणि तिथे पुढे काय करतात हे राघवला विचारलं. राघवलाही माहीत नव्हतं. दोघांनी मिळून नळ सोडला.

खरी अडचण पान चौदानं केली. घरातली सगळी मोठी माणसं आळीपाळीनं स्वयंपाक करतात, असं तिथे लिहिलं होतं. भालचंद्ररावांच्या मनात ते राघवसाठी होतं. प्रांजलीनं वहीच्या पानावर वार आखले आणि मंगळवार राघव, बुधवार मी, गुरुवार भालचंद्र, असं लिहून आदेशाच्या शेजारी चिकटवलं. बाकी दिवस अनसूयाबाईंचे.

"मी या सरावाचा पर्यवेक्षक आहे," भालचंद्रराव म्हणाले.

"पुस्तिकेत पर्यवेक्षक कुठे आहे ते दाखवा."

त्यांनी अडतीस पानं पुन्हा चाळली. पर्यवेक्षक नव्हता.

मंगळवारी राघवनं बटाट्याचा रस्सा केला. रस्सा होता, बटाटे आतून कच्चे होते. जेवण झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्याचे आभार मानायचे, असंही पुस्तिकेत होतं, त्यामुळे सगळ्यांनी ओळीनं आभार मानले. अनसूयाबाईंनी आभार मानले, आणि मग रिकाम्या ताटाकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"काही नाही. असं बोलतात मला माहीत नाही होतं," त्या म्हणाल्या.

बुधवारी प्रांजलीनं पोहे केले, बाराव्या पानावर रात्रीचं जेवण साधं असतं म्हटलंय असा आधार देऊन. पण बुधवार लक्षात राहिला तो मंदाताईंमुळे.

मंदाताई म्हणजे भालचंद्ररावांची सख्खी मोठी बहीण. ग्वाल्हेरातच थाटीपुरात राहायच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि भावाच्या घरी यायला त्यांना कधी निमित्त लागलं नव्हतं. त्या दिवशी सहाला दहा मिनिटं असताना, उन्हातान्हात, सवारी टेम्पोतून उतरून, कैरीच्या लोणच्याची बरणी कवटाळून त्या दारात उभ्या राहिल्या. दार राघवनं उघडलं.

"आत्या," राघव म्हणाला, "वो क्या है ना... तुम्ही वेळ घेतली होती का?"

"कसली वेळ?"

"मतलब, आधी विचारून. न विचारता कोणी आलं तर डेन्मार्कमध्ये आत नाही घेत. सराव चालू आहे."

मंदाताईंनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. भाऊ टेबलापाशी मेणबत्ती पेटवत होता. भावानंही बहिणीकडे पाहिलं. पुस्तिकेत काही इतकं लिहिलं नव्हतं. आधी कळवून यावं एवढंच होतं. पण सोमवारीच भालचंद्ररावांनी राघवला बजावलं होतं, दारात कलेक्टर आला तरी नियम मोडायचा नाही, तू मोडलास तर तिथे काय करशील. आता मुलाच्या डोळ्यांसमोर ते स्वतः कसा मोडणार?

"ताई," ते जागेवरूनच म्हणाले, "एक फोन केला असतास तर."

"तू भाऊ आहेस की कमिश्नर?" मंदाताई म्हणाल्या. एवढंच. लोणच्याची बरणी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि त्याच टेम्पोनं परत गेल्या. टेम्पोवाला अजून सुटे मोजत होता.

आठ वाजेपर्यंत ग्वाल्हेरातल्या यच्चयावत दप्तरदारांना कळलं की भालचंद्रानं सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवलं. साडेआठला इंदूरच्या लोकांना कळलं. पावणेनऊला एका चुलत मेहुण्याचा फोन आला आणि त्यानं अत्यंत अदबीनं विचारलं, तुमच्याशी पाच मिनिटं बोलायचं होतं, सोमवारनंतरची एखादी तारीख मिळेल का. भालचंद्ररावांनी फोन बंद करून ठेवला.

सकाळी चालू केला तेव्हा मंदाताईंचा निरोप होता. मुख्याध्यापिकेच्या हातचा, एक चूक नाही. "प्रति, श्रीयुत भालचंद्र दप्तरदार. विषय : सख्ख्या भावास भेटण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की अर्जदारास आपल्या सोयीने पंधरा मिनिटांचा वेळ देण्याची कृपा व्हावी. अर्जदाराने आपणास लहानपणी कडेवर घेतले असल्याची नोंद घ्यावी."

भालचंद्ररावांनी तो निरोप बायकोला दाखवला.

"रविवारी बोलवा," अनसूयाबाई म्हणाल्या. "साडेचारला ते डेन्मार्कवाले आहेत. घरात एक वडीलधारं माणूस दिसलं तर बरंच आहे. त्यांचा रागही जाईल."

भालचंद्ररावांना ते पटलं. त्यांनी "रविवार, दुपारी चार, मंजूर" असं उत्तर पाठवलं आणि पाठवल्यावर वाटलं, मंजूर नको होतं लिहायला.

आणि मग गुरुवार उजाडला. भालचंद्रराव दुपारी तीनलाच स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी वरणभात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर असा बेत कागदावर लिहून काढला, त्याखाली सामानाची यादी, आणि प्रत्येक वस्तूसमोर ती कुठे ठेवलेली असते ते लिहायला जागा सोडली. ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

"अहो ऐकलं का," त्यांनी घाईत हाक मारली. मग नियम आठवला. "अनसूया. जिरं कुठे आहे?"

अनसूयाबाई बाहेरच्या खोलीत कूलरसमोर पेपर वाचत बसल्या होत्या. ज्याचा दिवस त्याचं स्वयंपाकघर, दुसऱ्यानं ढवळाढवळ करू नये, हेही पुस्तिकेत होतं. त्यांनी ते पान स्वतः शोधून काढलं होतं.

"डब्यात," त्या म्हणाल्या आणि पेपर उलटला.

स्वयंपाकघरात एकवीस डबे होते, सगळे स्टीलचे, सगळे सारखे. भालचंद्ररावांनी एकेक उघडून पाहिला. सतराव्यात जिरं निघालं. तोपर्यंत फोडणीतली मोहरी काळी पडून तडतडायची थांबली होती. कुकरच्या शिट्या मोजायच्या असतात हे त्यांना माहीत होतं, पण किती झाल्या म्हणजे पुरे, याबद्दल घरात कधी लेखी काही नव्हतं. बनियन अंगाला चिकटला, चष्म्यावर वाफ धरली, आणि पावणेसहाला त्यांच्या लक्षात आलं की भाजी झालीय पण भात लावायचाच राहिलाय.

जेवण सहा चाळीसला वाढलं गेलं.

"सहाला असतं ना पण?" अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. साडेआठबद्दलचं असंच वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं ऐकलं होतं, ते म्हणताना कसं वाटतं एवढंच त्यांनी पाहून घेतलं.

भाजी मात्र बरी झाली होती. राघवनं दोनदा घेतली. जेवण झाल्यावर तिघांनी आभार मानले तेव्हा भालचंद्ररावांना अगदी आतून बरं वाटलं, इतकं की त्यांना संकोचच झाला. चौतीस वर्षांच्या नोकरीत निरोप समारंभ सोडला तर कोणी आभार मानले नव्हते. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरची भांडी पाहून ते बरं वाटणं ओसरलं.

शुक्रवारी पान अठराप्रमाणे कुटुंबाची बैठक झाली. डॅनिश घरात निर्णय चर्चेनं होतात आणि मुलांचं मतही मोजतात. जेवताना कूलर चालू ठेवावा, हा ठराव तीन विरुद्ध एक मतांनी पास झाला. मेणबत्त्या गेल्या. दुपारी चारचा चहा ज्याला हवा त्यानं करून घ्यावा, हाही पास झाला. शनिवारी भालचंद्ररावांनी स्वतःचा चहा स्वतः केला, गाळून कपात ओतला, आणि कप हातात धरून गॅलरीत उभे राहिले. समोरच्या गॅलरीत जयसिंहराव बसले होते. त्यांचा चहा आतून ट्रेमध्ये आला. भालचंद्ररावांनी तिकडे पाहायचं टाळलं. एकच दिवस राहिलाय, त्यांनी मनाला सांगितलं. उद्या राघवचं काम झालं की रात्री साडेआठला पानात तव्यावरची पोळी.

रविवारी चारच्या ठोक्याला मंदाताई आल्या. दारात उभं राहून त्यांनी घड्याळ पाहिलं, ते भावालाही दाखवलं आणि मगच आत आल्या. अनसूयाबाईंनी त्यांना पाणी दिलं, सराव कशासाठी ते सांगितलं. मंदाताई ऐकून घेत होत्या, पण राग अजून पुरता उतरला नव्हता.

साडेचारला टेबलावर लॅपटॉप ठेवला. समोर राघव, त्याच्या मागे आईवडील, बाजूला मंदाताई आणि त्यांना इंग्रजीतलं मराठीत सांगायला प्रांजली. राघवनं शर्टाची कॉलर तिसऱ्यांदा सारखी केली. ते भालचंद्ररावांनी पाहिलं. ही जागा पोराला मिळायलाच हवी होती.

पडदा उजळला. व्हिबोरमध्ये दुपारचा एक वाजला होता. टेबलाच्या टोकाला एक गोरा, धिप्पाड माणूस मांडी ठोकून खुर्चीत बसला होता. त्याच्यासमोर ताट होतं. त्याच्या मागे, हातात उलथनं घेऊन, लालबुंद चेहऱ्याची एक बाई उभी होती. तिनं माणसाच्या ताटात एक वाकडीतिकडी पोळी टाकली आणि पुन्हा आत गेली.

"नमस्ते," मोगेन्स म्हणाला. "माफ करा, आम्ही जेवतोय. म्हणजे मी जेवतोय. किर्स्टन नंतर जेवेल."

मोगेन्सनं आनंदानं सगळं सांगितलं. संस्थेनं यजमानांसाठीही पुस्तिका पाठवली होती, 'भारतीय विद्यार्थ्याच्या घरी' अशा नावाची. राघवला परकं वाटू नये म्हणून ते गेला आठवडाभर भारतीय घरासारखे राहत होते. रात्रीचं जेवण साडेआठला. सुट्टीच्या दिवशी दुपारीसुद्धा पूर्ण स्वयंपाक. घरातल्या पुरुषानं स्वयंपाकघरात यायचं नाही. पोळी गरम वाढायची. वाढणारीनं शेवटी जेवायचं.

"फार सुंदर संस्कृती आहे," मोगेन्स म्हणाला. "मला फार आवडली."

"काय म्हणतोय?" मंदाताईंनी विचारलं.

"त्याला आपली संस्कृती आवडली म्हणतोय," प्रांजली म्हणाली.

"आवडणारच," मंदाताई म्हणाल्या.

किर्स्टन दुसरी पोळी घेऊन बाहेर आली. ती दवाखान्यात नर्स होती आणि आठवड्याभरात दोन दिवस रजा काढून पोळ्या शिकली होती. ती मोगेन्सच्या खुर्चीमागे उभी राहून बोलू लागली, थकलेल्या, सरळ आवाजात. राघवचं पत्र तिला फार आवडलं होतं. मुलगा चांगला आहे हे तिला दिसत होतं. पण ती आठवडाभर रात्री नऊ वाजता उरलंसुरलं ओट्यापाशी उभ्यानं जेवत होती आणि दहा महिने तिला हे जमणार नव्हतं. राघवला याची गरज असेल, तर खोटं आश्वासन देण्यापेक्षा नाही म्हणणं बरं, असं तिचं मत झालं होतं.

राघवचा चेहरा पांढरा पडला. "नको, नको, मला काहीच लागत नाही," तो घाईनं म्हणाला. "मी स्वतः जेवण बनवतो. ताट धुतो. काहीही नको मला."

मोगेन्सनं समजुतीनं मान हलवली. "पान सहा," तो किर्स्टनला म्हणाला. "भारतीय माणूस सभ्यपणानं तीन वेळा नको म्हणतो. आत्ता तो तीनदा नको म्हणाला."

"मी खरंच नको म्हणतोय," राघव म्हणाला.

"चार," मोगेन्स म्हणाला.

प्रांजलीनं डोक्याला हात लावला. किर्स्टननं पडद्याजवळ येऊन राघवकडे कणवेनं पाहिलं आणि मग त्याच्या मागे, भालचंद्ररावांकडे. पुस्तिकेत असंही लिहिलंय, ती म्हणाली, की घरात वडिलांचा शब्द शेवटचा असतो. मग मी वडिलांनाच विचारते. तुमच्याकडे खरंच असंच असतं का? राघवला याचीच सवय आहे का?

सगळे भालचंद्ररावांकडे बघू लागले. ते मात्र किर्स्टनकडे बघत होते. उलथनं, कपाळावर चिकटलेले केस, एका पायावर टाकलेला भार. हे कुठेतरी पाहिलंय असं त्यांना वाटत होतं आणि आठवत नव्हतं. मग आठवलं, की पाहिलेलं नाहीच. सव्वीस वर्षं त्यांनी पोळी येताना पाहिली होती. आणणारीकडे मान वर करून पाहिलेलं काही आठवेना. त्यांना एकदम फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी मोगेन्सच्या ताटातल्या वाफाळत्या पोळीचा हेवाही वाटला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

सराव चालू आहे, हे सांगून भागणार नव्हतं. सराव म्हटलं की एरवी घरात मोगेन्सच्या पुस्तिकेबरहुकूमच चालतं हे कबूल केल्यासारखं होतं. गप्प राहिलं तर लखनौचा मुलगा. आणि शेजारी ताई बसली होती, जिला प्रांजली शब्दन् शब्द मराठीतून सांगणार होती.

त्यांनी घसा साफ केला. "आमच्या घरी," ते इंग्रजीतून म्हणाले, "सगळे एकत्र जेवतात. आपापलं ताट आपण उचलतो. गुरुवारी स्वयंपाक मी करतो."

"बाबा म्हणतात गुरुवारी स्वयंपाक मी करतो," प्रांजलीनं आत्याला सांगितलं.

मंदाताईंनी भावाकडे वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा चार दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"फक्त गुरुवारी?" किर्स्टननं विचारलं. तिचा आवाज थोडा उजळला होता, पण ती नर्स होती, पहिल्याच उत्तरावर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती.

अनसूयाबाईंनी कॉलेजनंतर इंग्रजीचं एक वाक्य उच्चारलं नव्हतं. त्या पुढे झुकल्या, पडद्यातल्या बाईच्या डोळ्यांत पाहिलं आणि हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "अँड मंडे."

भालचंद्ररावांनी बायकोकडे पाहिलं. बायको किर्स्टनकडेच पाहत होती.

"आणि सोमवारी," ते म्हणाले.

किर्स्टननं उलथनं टेबलावर ठेवलं. मग खुर्ची ओढून बसली आणि बसल्यावर एक लांब श्वास सोडला, तो चार हजार मैलांवरून ऐकू आला. राघव, ती म्हणाली, ऑगस्टमध्ये ये. तुझी खोली वरच्या मजल्यावर आहे. मोगेन्सच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र हळूहळू मावळत गेला. त्यानं पडद्यातून भालचंद्ररावांकडे असं पाहिलं, जसं दुसऱ्या बाजूच्या साक्षीला गेलेल्या आपल्याच माणसाकडे पाहावं. मग तो उठला, आपलं ताट उचललं आणि पडद्याबाहेर गेला. पाठोपाठ नळाचा आवाज आला.

कॉल संपला. राघवनं आईला उचलूनच घेतलं. प्रांजलीनं नाचून घेतलं. मंदाताईंनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला. जयसिंहरावांना कसं सांगायचं याची राघवनं लगेच तालीमही सुरू केली.

गडबड ओसरली तेव्हा भालचंद्रराव बायकोजवळ गेले. फ्रिजवरचा आदेश त्यांनी काढून हातात घेतला होता.

"काम झालं," ते म्हणाले. "ते सोमवारचं वगैरे म्हणजे, राघवसाठी म्हटलं मी. तेवढ्यापुरतं."

"माहितीये ना मला," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून ओले होते, पोरगं जाणार म्हणून, आणि थोडे दुसऱ्याही कशासाठी. "अहो, पण पोरगं त्यांच्या घरात राहणार आहे. तुमच्या शब्दावर चाललंय. ते परत येईपर्यंत तरी ते खरं राहू द्या."

भालचंद्ररावांनी आदेशाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि मसुरीची डाळ रात्री भिजवावी लागते का, असं विचारलं. उद्या सोमवार होता.